ॲक्टिनची साक्ष

दोर्रानं प्रयोगाची फिल्म खिडकीपाशी वाळत ठेवली आणि ती हात धुवायला वळली, तेवढ्यात कुणीतरी ती उचललीसुद्धा. उंच, भिजलेला, कोटाच्या बाह्यांतून पाणी गळणारा... ट्युनिसचा जानेवारी त्याच्याबरोबरच आत आला होता.

"ठेवा ती खाली!"

"माफ करा. मी लस्साद. सफाक्सहून आलोय, सहा महिने या प्रयोगशाळेत काम करायला." फिल्म मात्र त्यानं उजेडाकडे धरली. "खालचे पट्टे ॲक्टिनचे ना? उजवीकडे दाट होत गेलेत."

"तिकडे नमुन्यातला माल जास्त पडला असेल. म्हणून तर प्रत्येक आकडा ॲक्टिनच्या आकड्यानं भागायचा."

"की... वाढणाऱ्या पेशी ॲक्टिनच जास्त बनवतायत?"

तिनं फिल्म ओढूनच घेतली.

तिच्या पीएचडीचं अडीच वर्षांचं काम त्या भागाकारावर उभं होतं. उपाशी ठेवलेल्या पेशींना खाऊ घातलं की त्या वाढतात, आणि वाढताना त्यांच्यातलं एक प्रथिन घटतं, हा तिचा शोध. प्रत्येक नमुन्यातला माल सारखा आहे याची साक्ष द्यायला एक न बदलणारं प्रथिन लागतं. सगळे ॲक्टिन घेतात, तिनंही घेतलं होतं.

आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. तो मात्र रोज चहाचा पेला तिच्या टेबलावर ठेवून जायचा, वर पाइनच्या बिया तरंगत असायच्या.

"पाचच बिया?" अखेर ती म्हणाली. "सफाक्सची माणसं हात आखडून असतात, ते खरंच तर."

"मोजल्यात? म्हणजे माझ्याकडे लक्ष आहे तुमचं."

"बियांकडे आहे."

तो हसला. ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी पेल्यात दहा बिया होत्या... आणि मग तिला हसू आवरलं नाही.

शंका मात्र मनातून जाईना. मार्चमध्ये तिनं स्वतःच ती तपासायला घेतली. एकट्या ॲक्टिनऐवजी, नमुने उतरवून घेतलेल्या पडद्यावरची सगळीच प्रथिनं लाल रंगात रंगवली. लस्साद शेजारी उभा होता. पाणी ओतल्यावर जास्तीचा रंग उतरत गेला, आणि सगळ्या नमुन्यांचे रकाने उरले एकसारखे लाल. माल सगळीकडे सारखाच होता. वाढलं होतं ते ॲक्टिन, आणि त्या वाढत्या आकड्यानं भागल्यामुळे उत्तर लहान येत होतं. तिचं प्रथिन कधी घटलंच नव्हतं.

"रंग नीट बसला नसेल," तो घाईनं म्हणाला. "पुन्हा करू."

"तुला वाटतं तसं?"

पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघालं होतं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

तिनं प्रयोग आणखी तीनदा केला, आणि मग ती आपल्या मार्गदर्शक मादाम सल्वांच्या खोलीत गेली. तिचा शोधनिबंध त्यांच्या टेबलावर तयार पडला होता.

"सगळे ॲक्टिनच लावतात, पोरी," मादाम थकल्या आवाजात म्हणाल्या. "कुणी विचारणार नाही."

"एकानं विचारलंय, मादाम."

मादामनी चष्मा काढला, शोधनिबंध बाजूला सारला. "आणखी एक वर्ष लागेल तुला."

"लागू दे."

त्या संध्याकाळी जिन्यात बसून ती पोटभर रडली. लस्साद एक पायरी सोडून बसला. समजूत घालायला आला नाही, उठूनही गेला नाही.

जूनमध्ये त्याचे सहा महिने संपले. स्टेशनवर सफाक्सची गाडी लागलेली होती.

"दोर्रा... त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं असतं, तर आज तू डॉक्टर असतीस."

"असते ना. आणि तुला सोडायला आले नसते."

त्यानं मान वर केली. तिच्या पापण्या ओल्या होत्या, आवाज मात्र स्थिर होता. "मला गोड वाटेल असं बोलणारे पुष्कळ आहेत, लस्साद. मला तू हवायस."

"मी... मी वर्षभर वाट बघेन."

"नुसती वाट काय बघतोस? शनिवारी गाडी नसते का?"

"असते. सकाळी सहाला."

"मग ये," ती म्हणाली, आणि गाडी हलेपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही.