‘पोचलं’ म्हणणारा माणूस

पदरचं एक अक्षरही घालत नाही. माझ्या मावसबहिणीनं, म्हणजे ताईनं, जसं सांगितलं तसंच लिहितोय.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. ऑफिस माणसांनी भरलेलं.

ताई वेबसाइट बनवते. तेव्हा काम होतं एका हॉस्पिटलचं. कुठल्या गटाचं रक्त शिल्लक आहे, हे नातेवाइकांना दाखवणारी साइट. ती बांधलेली नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे साइटच्या आयत्या सांगाड्यावर, पण चालणार हॉस्पिटलच्या तळघरातल्या जुनाट मशीनवर. तयार अडॅप्टर एकही चालेना. म्हणून ताई स्वतःचा अडॅप्टर लिहीत होती. साइट उचलून त्या मशीनला समजेल अशी त्याच्यावर बसवणारा छोटासा प्रोग्राम.

छोटासा म्हणायचा. त्यानं ताईचा पार पिट्टा पाडला होता.

जुनी साइट बंद पडलेली. लोक रक्तासाठी वणवण फिरत होते. साहेब मानगुटीवर. घरी लेक आता आजीच्याच कुशीत झोपायला शिकली होती.

काम पाठवलं, की ताई तळघरात फोन करायची. तिथले ऑपरेटर काका उचलायचे.

“काका, आलं का?”

“पोचलं... पण उघडत नाही, पोरी.”

दमलेला आवाज. अगदी ताईसारखाच.

मागे पाण्याची टपटप...

बाकी काही नाही. पंख्याचा आवाज नाही. मशीनची घरघरही नाही.

लाइन खराब असेल, असं म्हणून ताईनं सोडून दिलं.

त्या दुपारी तिला अडॅप्टरमधली शेवटची चूक सापडली. दुरुस्त केली. पाठवलं. टेबलावरच्या फोनकडे हात नेला...

तो आधीच वाजला.

“पोचलं. उघडलं.” मग जरा थांबून, “आता जाऊ मी?”

ताईला हसू आलं. “जा की काका! घरी जाऊन मस्त ताणून द्या.”

पलीकडे कुणीतरी लांब श्वास सोडला.

आणि टपटप थांबली...

घरी जाताना ताई काकांचे आभार मानायला हॉस्पिटलात गेली. तळघराला कुलूप होतं. सफाईवाल्या मावशींनी ते उघडून दिलं.

खोली रिकामी.

भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची खूण. कोपऱ्यात लोंबणारी तुटकी वायर. ताईनं फोन शोधला. तोही नव्हता.

“मावशी, मशीन कुठंय?”

“गेल्या पावसाळ्यात पाणी शिरलं, तेव्हाच भंगारात गेलं. तुमच्या ऑफिसला कळवलंय म्हणत होते.”

“आणि... काका?”

मावशींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “ते मशीन वाचवायला आत थांबले...”

त्यांची नजर भिंतीवरच्या खुणेकडे गेली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. ताई केवढी दचकली. वरच्या मजल्यावरची नर्स होती.

“मॅडम, साइट झकास चालतेय हो! आत्ताच एका बाळंतिणीसाठी रक्त मिळालं!”

ताईनं त्या लोंबणाऱ्या तुटक्या वायरकडे पाहिलं.

आता हॉस्पिटलनं नवं मशीन घेतलंय. भंगाराचं कळवलेलं साहेबांपर्यंत पोचलंच नाही बहुतेक; ते म्हणतात, साइट नव्यावर हलव आणि ते जुनं बंद करून टाक. ताई टाळतेय. परवा मी कारण विचारलं.

ती म्हणाली, “दमलेय रे मी. पण जे मशीन तिथं नाहीच... ते बंद कुठून करू?”