लार्क हिलचा उलटा फेरा

वेनस्टो गावात सायकल चालवणारं माणूस मोठ्या फेऱ्याला निघालं की चर्चपाशी डावीकडेच वळतं. असा काही कायदा नाही बरं का! पण डावीकडे वळलं की लार्क हिलचा जीवघेणा चढ आधी संपतो, आणि उरलेले डोंगर कसेबसे ओलांडले की शेवटी थॉर्नलीवरून गावापर्यंत छान उतार. उजवीकडून निघायचं म्हणजे सगळंच उलटं. तसं कोण करणार?

म्हणूनच त्या रविवारी ब्रायनी चमकली. रिमझिम चालू होती, कुंपणांवरचा पांढरा मोहोर रस्त्यावर सांडला होता आणि ती चढाच्या मधल्या वळणावर अक्षरशः जीभ बाहेर काढून पेडल मारत होती. तेवढ्यात वरून एक नारिंगी जाकीट सुसाट खाली आलं.

"मॉर्निंग!" जाकिटानं ओरडून सांगितलं.

उत्तर द्यायला श्वास कुठला? तिनं हँडलवरचं एक बोट तेवढं उचललं. सायकलवाल्यांचा तो नमस्कारच. वळून बघेपर्यंत तो गायब! पण डोळे मात्र तिनं पाहिले होते... हसरे, आणि जरा आगाऊ.

एरवी ब्रायनी शाळेची बस चालवायची. मागच्या सीटवरच्या पोरांना एका आवाजात गप्प करणारी बाई ती. कुणाचा विचार करत आठवडा घालवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण हा उलटा माणूस डोक्यातून जाईना. कुठला असेल? आणि उलटा का जातो?

पुढच्या रविवारी तिनं वळणाआधीच श्वास साठवून ठेवला. नारिंगी जाकीट आलं.

"मॉर्निंग!" ती म्हणाली.

"चुकीच्या बाजूनं जाताय तुम्ही!" तो म्हणाला, आणि गेला.

"काय आगाऊपणा हा!" टेकडीखालच्या चहाच्या दुकानात तिनं हिलरीमावशीसमोर कप आदळला. "मी चुकीच्या बाजूनं? मी? या गावात जन्मले मी!"

"अगं, कप फुटेल," दुकान चालवणारी मावशी स्कोनच्या गोडसर पावाला लोणी लावत म्हणाली. "दिसायला कसा आहे?"

"मी काय बघत बसले होते?"

"नाक लाल झालंय तुझं."

"थंडी आहे, मावशी!"

मग एक गंमतच सुरू झाली. एका रविवारी प्रश्न, पुढच्या रविवारी उत्तर. टेकडीच्या त्या वळणावर एका वाक्यापुरतीच भेट... आणि मग आठवडाभर त्या वाक्याचा कीस काढायचा.

"उलटे तुम्ही!" तिनं हिशेब चुकता केला.

"नाव काय?" त्यानं जाता जाता विचारलं.

"ब्राय—" तेवढ्यात तो वळणाआड.

पुढच्या खेपेला, "काय ब्राय, दमलीस?" अहोजाहो कधीच उतारावरून घरंगळून गेलं होतं.

"मुळीच नाही! तू काय करतोस?"

"मेंढ्या!"

मेंढ्या? मेंढ्या पाळतो? मेंढ्या मोजतो? तिला बसमध्ये एकटीलाच हसू यायचं आणि पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. रविवार उजाडला तशी ती चढावरून ओरडली, "मेंढ्यांचं काय?"

"डॉक्टर!"

अच्छा, म्हणजे थॉर्नलीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा पाय मोडल्यावर वसंतापुरता आलेला तो! जनावरांचा. बदलीवरचा. 'बदलीवरचा' या शब्दापाशी तिचं मन उगाचच अडखळलं.

आणि त्याच्या पुढच्याच रविवारी तो हसला नाही. वेग कमी केला, तरी ओल्या उतारावर थांबता थोडंच येतं? जाता जाता म्हणाला, "पुढचा रविवार शेवटचा, ब्राय!"

झालं! त्या दिवशीचा चढ तिला कळलाच नाही. आजवर आपण या माणसाशी सगळं मिळून दोन मिनिटंही बोललो नसू, आणि तो जाणार म्हणून आपलं हे असं व्हावं? झालं होतं खरं. तिला तो हवा होता. वाक्यावाक्यानं नाही, अख्खा.

आठवडाभर विचार करून तिनं ठरवलं. शेवटच्या रविवारी आपणही उलट्या बाजूनं जायचं! एकदा तरी त्याच्या शेजारून, त्याच्या वेगानं जाऊ. सकाळी चर्चपाशी ती उजवीकडे वळली. चर्चची घंटा वाजवणारे काका तिच्याकडे बघतच राहिले.

थॉर्नली आलं, गेलं. तो कुठंच नाही. पुढचा डोंगर, त्यापुढचा ओढा, कोकरांनी भरलेली कुरणं... नाही. शेवटी ती लार्क हिल उतरली, पहिल्यांदाच खालच्या दिशेनं. रस्ता रिकामा. आलाच नाही. निरोपसुद्धा न घेता गेला!

डोळे पुसत ती दुकानात शिरली, तशी मावशी कडाडली, "कुठं उलथली होतीस? तो केव्हाच येऊन गेला ना!"

"कोण?"

"कोण म्हणे! तुझा नारिंगी जाकीटवाला, गेथिन नाव सांगितलं त्यानं. टेकडीवर तू दिसली नाहीस म्हणून इथं येऊन बसला. चहाला हातसुद्धा लावला नाही बिचाऱ्यानं. मी सांगितलं, ती तर सकाळीच गेली."

ब्रायनीनं खुर्ची ओढली. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकाच फेऱ्यावर, एकाच बाजूनं, सारख्याच वेगानं निघालेली दोन माणसं भेटणार कशी? जन्मात नाही भेटणार! विरुद्ध दिशेनं जात होतो म्हणून तर भेटत होतो.

"कुठल्या बाजूला गेला?"

"त्याच्या नेहमीच्याच. थॉर्नलीकडे."

ती धावत बाहेर आली. थॉर्नलीला गाडीनं जावं हे तिला सुचलंही नाही. सायकलवाल्यांना ते कधीच सुचत नाही. मागोमाग गेले तर गाठ पडणार नाही. टेकडीकडून गेले तर... तो फिरत असेल तर समोरून येईलच. पण त्यानंही हाच विचार करून तोंड फिरवलं असेल तर? पुन्हा एकमेकांच्या मागे! तिला रडू यायला लागलं, पण पाय पेडलवर होते आणि सायकलचं तोंड टेकडीकडे.

वळणावर नारिंगी जाकीट होतं. पण ते सुसाट येत नव्हतं. सायकल कुरणाच्या फाटकाला टेकवून तो रस्त्याच्या मधोमध उभा होता.

"कुठं होतीस?"

"तुझ्या... मागे!" ती धापा टाकत उतरली. "मूर्खासारखी तुझ्या बाजूनं गेले. वाटलं... बरोबर जाऊ."

तो इतका हसला की फाटकापलीकडच्या मेंढ्या दचकल्या.

"हसतोस काय? तू उलटा का जातोस ते सांग आधी! वसंतभर विचार करून माझं डोकं फिरलंय."

"पहिल्या दिवशी रस्ता चुकलो म्हणून." तो मान खाली घालून ग्लोव्हज काढायला लागला. "दुसऱ्या रविवारपर्यंत बरोबर बाजू कळली होती. पण म्हटलं... बरोबर बाजूनं गेलो तर ही एक बोट उचलणारी मुलगी दिसायचीच नाही."

पाऊस पडत होता, तरी ब्रायनीचे कान तापले.

"मग जातोस कशाला?"

"डॉक्टर म्हणतात कायमचा राहा. दुपारी हो की नाही सांगायचंय. मी त्यांना म्हटलं, टेकडीवर जाऊन आलो की सांगतो. आणि आज तू आली नाहीस." त्याचा आवाज उतरला. "वाटलं, मिळालं उत्तर."

"तरी पुन्हा आलास?"

"घरापाशी पोचलो होतो. सायकलवरून उतरवेना, तसाच पुन्हा फेऱ्याला निघालो."

आता ना उतार होता, ना घाई. वाक्यामागून वाक्यं बोलता आली असती. पण ब्रायनीनं बसमधल्या आपल्या आवाजात एकच शब्द काढला.

"राहा."

"काय?"

"राहा म्हणते! मला रविवारी एका वाक्यापुरता नकोयस तू. सोमवारी पण हवायस, मंगळवारी पण... रोज हवायस मला. कळलं?"

त्यानं तिचा गार, ओला हात हातात घेतला. "कळलं," तो हळूच म्हणाला. "अगदी पहिल्या रविवारपासून हेच ऐकायचं होतं."

टेकडीवर फोन लागत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगायला दोघं थॉर्नलीकडे निघाली. रस्ता अरुंद, मागून गाडी आली की सायकलवाल्यांनी एकामागे एक व्हायचं, हे इथं पोरांनाही ठाऊक. मागून गाडी आली. बराच वेळ निमूटपणे मागे राहिली, मग एकदा हॉर्न वाजवला, मग पुन्हा. ती दोघं शेजारी शेजारी बोलतच राहिली.