उशीखालचा युमेबान

"वही तुझ्याच घरातून गेली," कोउमे म्हणाली. "आणि वातारूची वही नकोशी झालेलं माणूस या गावात एकच आहे."

नागिसाने वही घेतली नव्हती, पण दुसरं वाक्य खोटं नव्हतं.

इतकी वर्षं वर्गात चित्रं म्हणजे नागिसाचीच. उन्हाळ्यात ओसाकाहून वातारू आला आणि त्याने चित्रकथेच्या वहीत युमेबान काढला. वाईट स्वप्नं खाणाऱ्या बाकू या गोष्टीतल्या प्राण्यासारखी सोंड, पाठीवर झगा, हातात ढाल म्हणून उशी. मुलांची स्वप्नं राखणारा वीर! वही एकच, त्यामुळे सगळी पोरं ती पाळीपाळीने घरी न्यायची. नागिसाचा नुसता जळफळाट व्हायचा. ती सोंड नाही, ओला मोजा आहे, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची. गुपचूप मात्र तिने वही दोनदा वाचली होती.

काल कोउमेची पाळी होती. वही घेऊन ती नागिसाकडे खेळायला आली आणि परतताना पिशवीत वही नव्हती.

नागिसा तणतणत घरी आली. सात जानेवारी, सुट्टीचा शेवटचा दिवस. तिचा सहा वर्षांचा भाऊ रिकू सात भाज्यांची पेज खात होता आणि मान वर करत नव्हता. तिने हनुवटी धरून विचारलं, तसा तो रडायलाच लागला. तीन रात्री त्याला बाबांची बोट बुडाल्याचं स्वप्न पडत होतं. नव्या वर्षात चांगलं स्वप्न पडावं म्हणून उशीखाली चित्र ठेवतात, तशी त्याने कोउमेच्या पिशवीतली वही ठेवली होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू फाडली असतीस."

कोउमेच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं.

उशीखाली आता वही नव्हती. बाबांना विचारलं, तर ते खुशीत होते. चित्र ठेवूनही वाईट स्वप्न पडलं, तर ते देवाला देतात. रात्री रिकू ओरडला, म्हणून सकाळी ते उशीखालची वही नववर्षाला दारावर लावलेल्या गवती दोरासोबत, अशी सजावट जाळतात त्या देवळाच्या होळीत देऊन आले होते. वही उघडून बघितली नव्हती. वर सोंड दिसली, म्हणजे बाकूच असणार!

वातारू आणि कोउमेला हाक मारून सगळे समुद्रावर, होळी रचली होती तिकडे धावले. पेंढा, बांबू, पाइनच्या फांद्या यांचा ढीग पुरुषभर उंच झाला होता आणि दरवर्षी होळी पेटवणारे मोकिची आजोबा काडी ओढत होते. वहीचा कोपरा नागिसालाच आधी दिसला. बाकी कुणालाच नाही. गप्प राहिलं तर उद्यापासून वर्गात पुन्हा आपलीच चित्रं, हे तिच्या मनात आलं. चांगलं घोळलंसुद्धा. पण हातातला रिकूचा हात घामाने ओला झाला होता.

"आजोबा, ती वही काढायचीय."

"देवाला दिलेलं परत मागत नाहीत. व्हा बाजूला."

"मग बाकूला उपाशीच जाळणार? 'बाकू, खाऊन टाक' असं तीनदा म्हणायचं रिकूचं राहून गेलंय. स्वप्न अजून बाहेरच आहे."

"कसलं स्वप्न?"

"बोट बुडाल्याचं," रिकू म्हणाला.

आजोबांनी धक्क्यावर बांधलेल्या बोटींकडे पाहिलं. काडी विझवली आणि बांबूने स्वतःच वही ओढून काढली. रिकूने डोळे मिटून तीनदा म्हटलं. तोवर आजोबा वही वाचत बसले होते.

"सोंड काय झकास काढलीय!" ते म्हणाले, आणि नागिसाचा पुन्हा जळफळाट झाला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि ही पोरगी मलाच रीत शिकवते. शाबास!" न बघता वस्तू दिल्याबद्दल बाबांना मात्र चारचौघांत बोलणी बसली.

कोउमेने नागिसाची माफी मागितली. परतताना वातारू हळूच म्हणाला, "माझ्या राक्षसांना कुणी घाबरत नाही. पुढचा तू काढशील?"

नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. पण संध्याकाळी तिने काढला. दुसऱ्यांच्या खिडकीत बसून त्यांची गोड स्वप्नं बघत राहणारा, स्वतः कधीच न झोपणारा राक्षस.

रिकू मुळीच घाबरला नाही. "ही तर ताई!"

नागिसाने वही ओढून घेतली आणि राक्षसाला आपल्यासारख्या दोन वेण्या काढल्या.