हरवलेले तीनशे अठ्ठ्याऐंशी

आकडे हरवतायत हे सोमवारी सकाळी कळलं. वरच्या मजल्यावर प्रोग्राम तपासणारी टेस्टर कागद घेऊन थेट त्याच्या टेबलाशी आली.

"तुझ्या प्रोग्रामला एक लाख वेळा एक मिळवायला सांगितलं. आले नव्व्याण्णव हजार सहाशे बारा. बाकीचे कुठे ठेवलेस?"

"खिसे तपास हवं तर."

ती हसली… आणि त्याच्या हातून चहा सांडला.

ऑफिसात त्याला कुलूपवाला म्हणत. इतरांचे प्रोग्राम चालवणारा इंटरप्रिटर त्याच्याकडे होता. त्या इंटरप्रिटरला आधी एकच मोठं कुलूप होतं: एकाच वेळी चालू पाहणाऱ्या कामांपैकी, म्हणजे थ्रेडपैकी, एक आत, बाकीचे दाराबाहेर. वेग वाढावा म्हणून त्याने ते काढलं होतं, आणि आता हे. चूक सापडेपर्यंत ती खालीच बसणार होती. चूक लवकर सापडू नये, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

बुधवारी त्याने प्रत्येक बेरीज पडद्यावर छापून बघितली. पुरे एक लाख!

"सुटलं!"

तिने छापायची ओळ पुसली. आकडे पुन्हा कमी. "छापण्यात वेळ जातो, म्हणून थ्रेड एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. तू बघतोयस तोवर शहाण्यासारखे वागतात."

"तू बघत असलीस की माझंही तसंच होतं."

"कुठे? दोनदा चहा सांडलास."

मग तिने फळ्यावर सात लिहिला. "आपण दोन थ्रेड. वाच, एक मिळव, लिही."

दोघांनी सात वाचला. दोघांनी आठ लिहिला – एकाच जागी, एकाच वेळी. हाताला हात लागला. कुणीच मागे घेतला नाही.

"नऊ व्हायला हवे होते," ती हळूच म्हणाली.

त्याने दोन छोटी कुलपं बसवली, एक आकड्याला, एक आकडे नोंदायच्या यादीला. प्रोग्राम जागच्या जागी थिजला. एका थ्रेडने आकडा धरला, दुसऱ्याने यादी, आणि दोघंही समोरच्याने सोडायची वाट बघत उभे.

"ओळखीचं वाटतंय," ती म्हणाली.

त्याचे कान तापले. "मग… करायचं काय?"

"क्रम ठरवायचा. आधी आकडा, मग यादी. सगळ्यांनी."

शुक्रवारी लाख पुरे भरले. ती चार्जरची वायर गुंडाळू लागली. तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"कुलूपवाल्या, इथेही क्रम ठरवू या का? आधी तू."

"तू खाली येत जा… चूक नसली तरी. रोज."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीला मी येईन. तुझ्या घरी."

तिने वायर पुन्हा उलगडली. "ये मग रविवारी."

इंटरप्रिटरमध्ये आणखी पाच ठिकाणी कुलपं बसवायची होती, आणि रविवारच्या पाहुण्याबद्दल घरी तिच्या आईला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.