पांढरे ठिपके

प्रयोगशाळेच्या कपाटातली चकती नाहीशी झाली होती आणि आळ भाचीवर आला होता. संध्याकाळपर्यंत चकती परत केली नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

तिथूनच निवृत्त झालेली मावशी संचालकांना घेऊन थेट विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. भिंतीवर प्रमुखांचं बक्षीस मिळालेलं जुनं चित्र होतं: काळ्यावर पांढरे ठिपके. मावशी त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिने टेबलावरच्या नव्या चित्रावर बोट ठेवलं; ते हरवलेल्या चकतीचं होतं.

चकतीवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलंसं चुंबक. चुंबकित सुई त्यांच्यावरून अधांतरी फिरवायची. सुईला ओढ लागली की चित्रात काळं उमटतं, ती मागे रेटली गेली की पांढरं.

"हे नवं चित्र तुम्ही काढलंत?"

"मीच. तुमच्या भाचीने चकती पळवली, आता चित्रावरही डोळा आहे तिचा."

"सुई कुठली?"

"नवीकोरी. मोठ्या चुंबकाच्या लाल बाजूवर धरली. इथे सगळे तसंच करतात."

"आणि चकती?"

"तीही लाल बाजूवरच. शाळा घेताय का माझी, बाई?"

"थोडी राहिली होती."

प्रयोगशाळेत दुसरी तशीच चकती होती. संचालकांसमोर प्रमुखांनी आपल्या रीतीने चित्र काढलं. ठिपके काळे आले: सुई आणि चकती एकाच बाजूवर भारलेली, म्हणून ओढ. मग भाचीने सुई निळ्या बाजूवर धरली. ठिपके पांढरेफटक.

"तुमच्या नव्या चित्रातले कसे आहेत?" मावशीने विचारलं.

ते पांढरे होते.

"ओढीने सुई खाली जाऊन ठिपक्यांना घासू नये, म्हणून आमच्या घरात निळी बाजू. ही खोड मीच लावली पोरीला. तुम्ही चित्र उचललंत, रीत राहिली. चकती हाती असती तर कुणीही पडताळून पाहिलं असतं, म्हणून ती दडवलीत."

"एखाद्या वेळी चुकून निळी बाजू..."

"आत्ताच लाल म्हणालात. साहेबांनी ऐकलंय."

संचालकांनी हात पुढे केला. प्रमुख आपल्या खोलीत गेले. त्यांच्या मागोमाग सगळे. खणातून चकती निघाली.

भाचीचे डोळे भरून आले. "चल, मावशी. झालं ना आता."

"थांब गं. केस पिकेपर्यंत मी थांबलेय, तू दोन मिनिटं थांब."

मावशी भिंतीकडे वळली.

"साहेब, ती फ्रेम उतरवायला सांगा. ते बक्षीस मिळालं तेव्हा हे माझ्या हाताखाली होते. बघा, त्यातलेही ठिपके पांढरेच आहेत."