आवरपट्टी

इरा सकाळी साडेसहाला आपणहून उठायची, अंथरुणाची घडी घालायची आणि दात घासून अभ्यासाला बसायची. शेजारच्या ढवळीकरकाकू हेमांगीला म्हणायच्या, "पोरीला वळण लावावं तर तुम्हीच!" हेमांगी नुसती हसायची. वळण तिने लावलंच नव्हतं. ते लावलं होतं इराच्या कानामागच्या नखाएवढ्या आवरपट्टीने.

मन अनावर होऊ लागलं की मेंदूतल्या लहरींवरून पट्टीला ते कळे. मग ती बारीकशी झिणझिण सोडी आणि हट्ट ओठांवर येण्याआधीच विरून जाई. काम राहिलं, धोका दिसला, तर उठायला लावणारीही तीच झिणझिण. रोजच्या रडारडीला कंटाळून हेमांगीने इराच्या सहाव्या वर्षी ती बसवून घेतली होती. बाराव्या वर्षी पट्टी काढायचीच, असा नियम होता. तोवर सगळं अंगवळणी पडतं, असं कंपनीची माणसं सांगत.

पट्टी काढून चार दिवस झाले होते. हेमांगी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाली.

"निमिषकडे बघ गं," ती जाताना इराला म्हणाली.

किंकाळी ऐकून ती धावत खाली आली. इराच्या दीड वर्षाच्या भावाने, निमिषने, टेबलावरचं कापड ओढलं होतं आणि किटलीतला कढत चहा त्याच्या हातावर सांडला होता. इरा दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसून होती.

"अगं, बघत काय बसलीस?"

"तू बघ म्हणालीस ना? त्याने कापड धरलं, तेही बघितलं. झिणझिण येईल म्हणून थांबले होते."

दवाखान्यात डॉक्टर देवस्थळींनी निमिषच्या हाताला मलमपट्टी केली. "हात बरा होईल, व्रण राहील," त्या म्हणाल्या. मग इराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "सहा वर्षांत हिला एकदाही स्वतःला आवरावं लागलं नाही, की स्वतःहून उठावं लागलं नाही. पट्टी काढल्यावर अशी झालेली ही या महिन्यातली अकरावी मुलगी."

"पण आता शिकेल ना ती?"

डॉक्टरांनी नोंदवहीत इराचं नाव लिहून घेतलं.

बाहेर बाकावर हेमांगीने लेकीला पोटाशी धरलं. या पोरीने आत्ता किंचाळावं, हातपाय आपटावेत, असं तिला आतून वाटत होतं. आत नर्स निमिषला औषध पाजत होती; त्याचं रडणं ऐकू येत होतं.

"आई, मला वाईट वाटायला हवं का?"

"रड बाळा, रड तू."

इराने मान डोलावली. कोरड्या डोळ्यांनी आईच्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "किती वेळ?"