हरण्याचे चामडी बूट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातपूरच्या कारखान्याच्या अतिथिगृहासमोर माणसं गोळा झाली. चार एकर हिरवळीच्या अलीकडच्या टोकाला गवत कापायचं नवं यंत्र उभं होतं. बसून चालवायचं, मोटारीसारखं चाक असलेलं. खालचं पातं मोडलं होतं आणि त्यात बैलाचा लोखंडी नाल अडकला होता.

मॅनेजर टिळेकरांनी नाल दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. आज यंत्र सुरू केलं, दहा पावलं गेलो नि खाडकन आवाज झाला, म्हणाले. गवतात नाल कुणी टाकला हे सांगावं लागलं नाही. बैल एकाकडेच होता.

सावळीराम चौदा वर्षं आपल्या हरण्या बैलाला जुंपून तिथलं गवत कापत होता. श्रावणात यंत्र आलं. तीन माहितीपत्रकं चाळून, मुंबईत स्वतः वर बसून बघून टिळेकरांनी ते निवडलं. बैल थकतो, यंत्र चुकत नाही, असं मोठ्या साहेबांना लिहून दिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी हॅट घालून तेच फेऱ्या मारत. किल्ली त्यांच्याच खिशात.

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर," टिळेकर म्हणाले. "नाहीतर पोलिसात देतो."

सावळीराम खोलीकडे वळला. सगुणाबाई मात्र खुरपं घेऊन उठली. वीस वर्षं उकिडवं बसून तिनं त्या हिरवळीतलं तण काढलं होतं. ती सगळीकडे फिरून आली, तेव्हा पदराला गाठ होती.

दहाला मोठे साहेब आले. सगुणाबाईनं त्यांच्यासमोरच टिळेकरांना विचारलं, "साहेब, काल मशीन चाललं व्हतं का?"

"नाही. खंडेनवमीला पूजा केली, काल सुट्टी."

"पूजेचा हार कधी काढला?"

"आज सकाळी. सुरू करायच्या आधी."

तिनं गाठ सोडली. बारीक चिरलेला झेंडू, हाराच्या दोऱ्याचे तुकडे आणि सिमेंटची एक कपची.

"हे पल्याडच्या नळापाशी घावलं. इथनं दोनशे पावलं हाय. हार अंगावर असतानाच मशीन तिथवर गेलं. नळाच्या कट्ट्याचा कोपरा उडालाय, त्यावर मशीनचा लाल रंग हाय."

"आणि हा नाल?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

तिनं सावळीरामला हरण्या आणायला सांगितलं. वाकून बैलाचा पाय उचलला. खूर मोकळा होता. मागचेही मोकळे.

"लोखंडानं हिरवळीला खड्डे पडत्यात. म्हणून हरण्याला जल्मात नाल मारला नाय. गवतावर त्याला चामड्याचे बूट घालायचे. खोलीच्या दारात टांगलेत, बघा. ज्याच्या पायात नाल नाय, त्याचा पडंल कसा? आमच्यातल्या कुणी डाव केला असता तर दगड ठेवला असता. नाल त्यानंच ठेवला, ज्यानं चौदा वर्षं इथं राबलेल्या बैलाचा पाय एकदा बी बघितला नाय."

टिळेकरांनी हॅट काढली. दसऱ्याला मेहुणे आले होते, त्यांना फेरी मारून दाखवत होतो, म्हणाले. कट्टा दिसलाच नाही. यंत्र चुकत नाही असं लिहून दिलं होतं, मग सांगणार कसं? नाल बाजारातून आणला.

मोठ्या साहेबांनी नाल हातात घेऊन उलटापालटा केला. मग हसले.

"अहो टिळेकर, अपघात आहे. सांगायचं की. नवं पातं मागवून घ्या."

तासाभरापूर्वी तेच पातं मोडणं गुन्हा होता.

"सावळीरामची खोली ऱ्हाईल ना, साहेब?" सगुणाबाईनं विचारलं.

"त्याच्यावर काही ठपका नाही, बाई. पण बैलाचं काम आता उरलंय कुठं? आज नाही तर महिनाअखेर जावंच लागेल."

सावळीराम महिनाअखेरपर्यंत थांबला नाही. दुपारीच वळकटी बांधली. दिंडोरीकडचं गाव लांब, सडक तापलेली, हरण्याचे खूर मऊ हिरवळीला सरावलेले. फाटकापाशी सावळीराम खाली बसला, चारही बूट हरण्याच्या पायांत चढवले, वाद्या आवळल्या.

"ते कारखान्याचे हायत," पहारेकरी म्हणाला.

सगुणाबाईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं फाटक उघडलं.

डांबरावर हरण्याच्या पावलांचा आवाज झाला नाही.